पुरेशी माहिती

दिवाळी अंकासाठी मजकूर पाठवा, असा संपादकांचा निरोप आला की आमच्या घरी दोन गोष्टी हटकून घडतात. विषय सुचत नाही म्हणून मी चार दिवस घरभर येरझारा घालतो, आणि 'नुसते फिरताच आहात तर' असे म्हणून सौभाग्यवती मला फराळाचे डबे पुसायला बसवतात. यंदा मात्र ही पाळी टळली असे वाटले. विषय आपण होऊन घरात चालत आला आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून माझ्यासमोर बसला.

या विषयाचे नाव मुक्ता. माझी नात, थोरल्या मुलीची मुलगी. तिचे आईवडील नाशिकला. ती नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षांपासून पुण्याला आमच्याकडे असते. दिवसा हिंजवडीला कामाला जाते आणि रात्री जेवणे आटोपली की जीमॅट नावाच्या परीक्षेचा अभ्यास करते. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश देताना देशोदेशींची विद्यापीठे या परीक्षेचे गुण पाहतात. अमेरिकेत ती पहिल्यांदा घेतली गेली १९५४ साली. तेव्हा तिचे नाव निराळे होते आणि मी मराठी शाळेत अपूर्णांकांशी झटापट करीत होतो. म्हणजे ही परीक्षा आणि मी तसे एकाच पिढीचे. फरक इतकाच की, तिचा अधूनमधून कायापालट होतो. २०२३ च्या अखेरीस असाच एक झाला. माझा व्हायचे काही चिन्ह नाही.

माझ्याविषयी नेहमीच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे मी हायस्कुलात गणित शिकवले. "रीत लिहा, उत्तर काढा, उत्तराखाली दोन रेघा मारा," हा मंत्र मी हजारो मुलांच्या कानांत ओतला. त्यामुळे एका रात्री मुक्ताने, "आजोबा, हे बघा बरं जरा," म्हणून कागद पुढे सरकवला, तेव्हा मी चष्मा पुसून, बाह्या सरसावून उत्तर काढावयास बसलो. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "अहो, उत्तर काढायचंच नाही!"

मी पेन्सिल खाली ठेवली. उत्तर काढायचे नाही असे गणित म्हणजे मला जेवायचे नाही अशी पंगत वाटली.

तिने मग समजावून सांगितले. प्रश्न एक असतो. त्याच्याखाली दोन विधाने दिलेली असतात. ती खरी आहेत आणि एकमेकींशी कधीही विसंगत नसतात, एवढे धरून चालायचे. आपण फक्त एवढेच सांगायचे, की प्रश्नाचे निश्चित उत्तर देण्यास ही माहिती पुरते की नाही. पर्याय पाच आणि प्रत्येक वेळी तेच. पहिला, एकटे पहिले विधान पुरेसे आहे. दुसरा, एकटे दुसरे पुरेसे आहे. तिसरा, एकेकटे पुरत नाही, पण दोन्ही मिळून पुरतात. चौथा, दोहोंपैकी कोणतेही एक घेतले तरी पुरते. आणि पाचवा, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

एक घरगुती उदाहरण देतो. गोविंदा गोपाळापेक्षा वयाने मोठा आहे काय? विधान पहिले: गोविंदाने तिशी ओलांडली आहे. नुसत्या एवढ्यावरून काही सांगता येत नाही. गोपाळा चाळिशीचा असेल. विधान दुसरे: गोपाळा पंचविशीच्या आत आहे. हेही एकटे अपुरे. गोविंदा कदाचित पाळण्यात असेल. दोन्ही एकत्र केली की मात्र गोविंदा मोठा यात शंका नाही. पर्याय तिसरा. दोघांची वये किती, हे आपल्याला अखेरपर्यंत कळले नाही आणि कळण्याची गरजही पडली नाही. हे प्रश्न ज्या विभागात येतात त्यात ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे दर प्रश्नाला सव्वादोन मिनिटे. आणि गंमत पाहा, त्या विभागात पडद्यावर गणकयंत्रही देतात. ज्या प्रश्नात उत्तरच काढायचे नाही, तिथे हाताशी गणकयंत्र! जेवायचे नाही त्या पंगतीत वर पाटही मांडून ठेवलेला.

यातले सर्वांत खट्याळ प्रश्न असतात ते असमानतेचे. समीकरणात दोन्ही बाजू सारख्या असतात. असमानतेत एक लहान, एक मोठी. शाळेत आम्ही त्या चिन्हाला पाखराची चोच म्हणत असू. चोच उघडी असते ती मोठ्या दाण्याकडे. मुक्ताचा पहिला प्रश्न असा होता:

क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय? विधान पहिले: क्ष चा वर्ग य च्या वर्गापेक्षा मोठा आहे. विधान दुसरे: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे.

मी म्हणालो, "पहिलं पुरतं. वर्ग मोठा तर संख्या मोठी. पुढचं वाचायचीसुद्धा जरूर नाही."

"क्ष उणे तीन असला आणि य दोन असला तर?" मुक्ताने विचारले.

तीनचा वर्ग नऊ, उणे तीनचाही नऊ. आणि दोनचा चार. नऊ चारांपेक्षा मोठे खरे, पण उणे तीन काही दोनांपेक्षा मोठे नाहीत. धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सांगून ठेवले आहे, आणि त्यानंतर मीही नववीच्या वर्गात दरसाल सांगत आलो होतो. मग मी चुकलो कसा? चुकलो अशासाठी की, माझ्या मनातला क्ष हा नेहमीच सज्जन, पूर्ण आणि धन असतो. प्रश्नाने तसे कुठेही म्हटलेले नसते. मीच त्याला घरातून निघताना नीट कपडे घालून पाठवलेले असते.

दुसरे विधान एकटे घेतले तर त्यात य चे नावच नाही, म्हणून तेही अपुरे. दोन्ही एकत्र घेतली की क्ष धन आहे आणि त्याचा वर्ग य च्या वर्गाहून मोठा आहे. मग य धन असो, ऋण असो की शून्य असो, तो क्ष च्या मागेच राहतो. पर्याय तिसरा.

त्या रात्री मुक्ताने एक चिठ्ठी लिहून फ्रीजवर चिकटवली. तिच्यावर लिहिले होते: शून्य, एक, उणे एक, अर्धा, उणा अर्धा, एक मोठी धन, एक मोठी ऋण. असमानतेत कुठलीही संख्या दिली की या सात पाहुण्यांना आत बोलावून बघायचे. त्यांतल्या एकाने 'होय' म्हटले आणि दुसऱ्याने 'नाही' म्हटले, की माहिती अपुरी ठरली. सगळ्यांनी एकच उत्तर दिले तर मात्र लगेच हुरळायचे नाही. ते तसे का, याचे कारण शोधायचे. सौभाग्यवतींना ती चिठ्ठी वाण्याची यादी वाटली आणि उणा अर्धा किलो कोणता जिन्नस मिळतो, असे त्यांनी मला विचारले.

दुसऱ्या रात्रीचा प्रश्न: क्ष भागिले य हे एकापेक्षा मोठे आहे काय? विधान पहिले: क्ष हा य पेक्षा मोठा आहे. विधान दुसरे: य शून्यापेक्षा लहान आहे.

इथे माझ्यासारखा मास्तर काय करील? प्रश्नातल्या दोन्ही बाजूंना य ने गुणील आणि म्हणेल, "क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय, एवढाच तर प्रश्न आहे, आणि पहिल्या विधानाने नेमके तेच दिले आहे." मी तसेच म्हणालो. आणि तसेच चुकलो.

असमानतेला धन संख्येने गुणले तर चोच आहे तिकडेच राहते. ऋण संख्येने गुणले तर फिरते. हे पाठ असलेले पुष्कळ असतात. का, हे विचारले की गप्प होतात. कारण आपल्याच शब्दांत दडलेले आहे. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण यांचे नियम घातले. धन म्हणजे गाठीचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. आता बघा, ज्याच्यापाशी तीन रुपये आहेत तो पाच रुपयेवाल्यापेक्षा गरीब. पण ज्याला तीन रुपयांचे कर्ज आहे तो पाच रुपयांच्या कर्जदारापेक्षा बरा. उणे एकने गुणणे म्हणजे एका रात्रीत सगळ्यांच्या ठेवींची कर्जे करून टाकणे. मग कालचा श्रीमंत आज तळाला जाणारच. समीकरणाला ही भीती नाही. तिथे दोघांपाशी सारखेच पैसे असतात. कर्ज झाले तरी सारखेच.

म्हणून असमानतेत पहिला नियम हा, की ज्या संख्येचे चिन्ह ठाऊक नाही तिने गुणायचे नाही आणि भागायचेही नाही. पहिले विधान एकटे अपुरे आहे. क्ष पाच आणि य दोन धरला तर भागाकार अडीच, म्हणजे होय. क्ष पाच आणि य उणे दोन धरला तर भागाकार उणे अडीच, म्हणजे नाही. दुसरे विधान एकटे अपुरे आहे हे उघडच. दोन्ही एकत्र केली की य ऋण असल्याचे ठाऊक झाले. आता भागायला हरकत नाही, फक्त चोच फिरवायची. भागाकार एकापेक्षा लहान ठरतो.

"म्हणजे उत्तर 'नाही' आलं," मी म्हणालो. "तेव्हा माहिती अपुरी."

"आजोबा, 'नाही' हे उत्तरच आहे की! ठाम 'नाही' म्हणता आलं तर माहिती पुरली. 'कधी होय, कधी नाही' असं झालं तरच अपुरी."

वाचकहो, हे वाक्य मी ऐंशी उलटल्यावर पहिल्यांदा नीट ऐकले. नकार मिळणे आणि उत्तर न मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या प्रश्नाने माझी दुसऱ्या बाजूने फजिती केली. क्ष हा स्वतःच्या वर्गापेक्षा मोठा आहे काय? विधान पहिले: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. विधान दुसरे: क्ष पूर्णांक आहे.

आता मी सावध झालो होतो. पहिले विधान तपासले. क्ष अर्धा असला तर वर्ग पाव, म्हणजे होय. क्ष दोन असला तर वर्ग चार, म्हणजे नाही. अपुरे. मग दुसरे जोडले. एक, दोन, तीन, चार, कुणीही आपल्या वर्गापेक्षा मोठा नाही. एकचा वर्ग एकच, बाकीच्यांचे वर्ग त्यांच्याहून मोठे. ठाम 'नाही'. "पर्याय तिसरा!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"पण पहिल्याची गरज काय?" मुक्ता म्हणाली. "शून्याचा वर्ग शून्य. ऋण पूर्णांकाचा वर्ग धन, म्हणजे त्याच्याहून मोठाच. एकटं दुसरं विधान पुरतं. पर्याय दुसरा."

दुसरे विधान वाचताना पहिले साफ विसरून जायचे असते, ते मला जमले नव्हते. पहिल्याचा 'धन' माझ्या डोक्यात घर करून बसला होता. कमी माहितीवर उत्तर ठोकणे ही जशी चूक, तशी पुरेशी माहिती हातात असताना आणखी मागत बसणे हीही चूकच. त्या दोन्ही चुका माझ्या नावावर जमा झाल्या. तरी महिनाभरात दहांपैकी सातांना माझे बरोबर येऊ लागले. मला वाटले, मी आता यात तरबेज झालो.

अशा वेळी नाशिकहून जावयांचा फोन आला. "अण्णा, मुक्ता परदेशी शिकायला जायचं म्हणते. आम्ही दोघंही गोंधळून गेलो आहोत. तुम्हीच तिला काय ते सांगा. तुमचं ती ऐकते."

काय ते सांगा! सांगायला मला वेळ लागणार नव्हता, कारण माझे ठरलेलेच होते. तिने जाऊ नये. माझ्यापाशी दोन विधाने होती. विधान पहिले: शिक्षणासाठी मोठे कर्ज काढावे लागेल. विधान दुसरे: आमच्या वाड्यातल्या दोघांची मुले अशीच शिकायला गेली, ती परत आली नाहीत, त्यांचे आईबाप आता पडद्यावर नातवंडांचे तोंड पाहतात. या दोहोंवरून मी उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा झालो होतो. गणपतीत सगळे जमतील तेव्हा बोलायचे, असे मनाशी योजले.

गणपतीला सुलू आणि जावई आले. सुलू म्हणजे मुक्ताची आई. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी, म्हणजे सौभाग्यवती आणि सुलू, स्वयंपाकघरात मोदक वळत बसल्या होत्या. मुक्ता दाराशी बसून नारळ खवत होती आणि खवता खवता तिने मला एक प्रश्न तोंडी घातला.

"क्ष आणि य यांचा गुणाकार धन आहे का? पहिलं विधान, क्ष अधिक य शून्यापेक्षा मोठं आहे. दुसरं विधान, क्ष वजा य शून्यापेक्षा मोठं आहे."

सगळ्यांसमोर परीक्षा होती. मी खुर्चीत ताठ बसलो. एकेकटे पुरत नाही हे लगेच दिसले. आता एकत्र. दोन असमानतांची चोच एकाच दिशेला असली तर त्यांची बेरीज करता येते. वजाबाकी मात्र करायची नाही. मी बेरीज केली. य गेला, दोन क्ष राहिले, ते शून्यापेक्षा मोठे. "क्ष धन निघाला!" मी म्हणालो. "मिटलं. पर्याय तिसरा."

"क्ष चं कळलं, अण्णा," सुलू मोदकावरची नजर न काढता म्हणाली. "य चं काय? य चं चिन्ह कुठं कळलंय?"

मी थांबलो. क्ष तीन आणि य दोन: बेरीज पाच, वजाबाकी एक, दोन्ही धन, गुणाकार सहा, म्हणजे होय. क्ष तीन आणि य उणे दोन: बेरीज एक, वजाबाकी पाच, दोन्ही धन, गुणाकार उणे सहा, म्हणजे नाही. दोन्ही विधाने मिळूनही अपुरी. पर्याय पाचवा.

"आई!" मुक्ता ओरडलीच. "तुला कसं येतं हे?"

"अगं, गणितात बी.एस्सी. आहे तुझी आई," सुलू हसून म्हणाली. "कॉलेजात पहिली आले होते." आणि तिने पुढचा मोदक हातात घेतला. सौभाग्यवतींनी वर मान करून माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत.

आता जे सांगतो ते या पानावर मी आजवर कधी सांगितलेले नाही. १९९० साली सुलू बी.एस्सी. झाली. तिला पुढे एम.एस्सी. करायचे होते. तिने पुण्याहून प्रवेशाचा अर्ज मागवून घेतला होता आणि वडिलांची सही लागणार म्हणून माझ्या टेबलावर ठेवला होता. मी तो कपाटात ठेवून दिला. माझ्यापाशी तेव्हाही दोनच विधाने होती. पहिले: माझा पगार बेताचा आणि पाठची दोन मुले शिकायची. दुसरे: मुलगी एकवीस वर्षांची आणि एक चांगले स्थळ सांगून आलेले. वसतिगृहाला खर्च किती, हे मी विचारले नाही. कॉलेजात पहिल्या आलेल्या मुलीला काही शिष्यवृत्ती मिळते का, हेही विचारले नाही. आणि तिला काय वाटते, हे तर विचारलेच नाही. ती गप्प होती. तिच्या गप्प राहण्याला मी होकार समजलो. ज्या राशीचे चिन्ह मला ठाऊक नव्हते, तिला मी माझ्या सोयीचे चिन्ह दिले आणि दोन्ही बाजूंना भागून टाकले.

पुढे सगळे चांगलेच झाले. जावई सोन्यासारखे मिळाले. सुलूने त्यांच्या दुकानाचे हिशेब इतकी वर्षे सांभाळले. वहीत एका पैशाची चूक नाही. घर सुखी आहे. आणि घर सुखी आहे म्हणूनच त्या गोष्टीकडे मागे वळून पाहण्याची मला कधी गरज वाटली नाही. पण पस्तीस वर्षे मी मुलांना काय शिकवले? उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढणाऱ्या पोरांचे गुण मी तांबड्या शाईने कापले आहेत. माझा स्वतःचा पेपर मात्र मी कधी तपासायलाच घेतला नाही.

दुपारी जेवणे झाली, माणसे पांगली. सुलू गॅलरीत पान लावत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारले, "सुलू, तेव्हा तुला खरंच जायचं होतं का ग?"

काय ते तिला सांगावे लागले नाही. पानाला चुना लावायचे तिचे काम चालूच राहिले. मग म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, हे मला आता नक्की नाही सांगता येणार, अण्णा. कदाचित नाहीच म्हटलं असतं. पाठच्या दोघांचं मलाही कळत होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण विचारायला हवं होतं."

तिने पानाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. माझे दात आता पान खाण्यासारखे राहिलेले नाहीत, हे तिला ठाऊक आहे. मी ते हातातच धरून बसलो.

संध्याकाळी आरती झाल्यावर जावयांनी विषय काढला. "अण्णा, मग काय सांगता?"

मी म्हणालो, "पर्याय पाचवा."

जावयांना काही कळले नाही. मुक्ता आणि सुलू मात्र हसू लागल्या. मग मी त्यांना नीट सांगितले, की माझ्यापाशी दोन विधाने आहेत आणि ती दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. कर्ज मोठे आहे, एवढे मला ठाऊक आहे. ते किती वर्षांत फिटेल, हे ठाऊक नाही. दुसऱ्यांची मुले परत आली नाहीत, हे ठाऊक आहे. आमच्या मुलीच्या मनात काय आहे, हे ठाऊक नाही.

इथे परीक्षा आणि संसार यांच्या वाटा निराळ्या होतात, हेही कबूल केले पाहिजे. परीक्षेत 'माहिती अपुरी' एवढे म्हटले की गुण पदरात पडतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जाता येते. संसारात तसे सुटता येत नाही. माहिती अपुरी असली तरी केव्हा ना केव्हा जा किंवा जाऊ नको, हे ठरवावेच लागते. पण परीक्षेत ज्याला मनाई आहे, अशी एक मुभा संसारात आहे. तिथे तिसरे विधान मागता येते. शेजारी बसलेल्या माणसाला विचारता येते. ती मुभा मी १९९० साली वापरली नाही. यंदा वापरली.

मुक्ता आत गेली आणि एक वही घेऊन आली. तिच्यात सगळे मांडलेले होते. कुठल्या विद्यापीठाचे शुल्क किती, राहण्याचा खर्च किती, स्वतःचे साठवलेले किती, कर्ज किती, हप्ता किती. परदेशातल्या तीन जागांखाली देशातल्या दोन जागांचाही हिशेब होता. तो आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हता. जावयांनी चष्मा लावून वही हातात घेतली आणि सुलूने त्यातली एक बेरीज तोंडी तपासून दुरुस्त केली.

शेवटी मी विचारले, "आणि परत येणार का ग?"

"ते मलाही अजून ठाऊक नाही, आजोबा," मुक्ता म्हणाली. "पण खोटं सांगणार नाही. कळेल तेव्हा तुम्हांला पहिल्यांदा सांगेन."

ठाम 'होय' नाही की ठाम 'नाही' नाही. मनात काहीतरी हलले, हे लपवत नाही. माझे वय लक्षात घेता त्या उत्तराची वाट पाहायला माझ्यापाशी किती वर्षे आहेत, हीही एक अज्ञात राशी आहे. पण या खेपेला तिला मी आपल्या मनाने चिन्ह दिले नाही. दिवाळीनंतर ती परीक्षेला बसते आहे. रात्रीचे प्रश्न चालू आहेत आणि सुलूही आता नाशिकहून फोनवर उत्तरे सांगते. दहांपैकी नऊ तिची बरोबर येतात.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी माणसे जमतील. लेकी माहेरी येतील, भाऊ ओवाळून घेतील, फराळाच्या ताटाभोवती कुणाकुणाविषयी निकाल दिले जातील. त्यांतल्या एखाद्याच्या बाबतीत आपण कोणत्या दोन विधानांवरून निकाल दिला, हे सवडीने तपासून पाहावे. आणि ज्याच्याविषयी तो दिला तो माणूस जवळच बसलेला असेल, तर त्याला विचारावे. उशीर झाला असला तरी विचारावे.

हा मजकूर सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "छान झालंय. आता डबे पुसणार का?"

प्रश्न होय-नाहीचा आहे. विधान पहिले: दिवाळी आठ दिवसांवर आली. विधान दुसरे: त्या फडके हातात घेऊन समोर उभ्या आहेत.

दोहोंपैकी कोणतेही एक पुरे. पर्याय चौथा.